धरणाच्या पोटात आमची शाळा शोधताना

फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया राखत बसलो होतो. राखत म्हणजे हातात काठी आणि डोळे मिटलेले. सूनबाईनं वर येऊन फोन कानाला लावून दिला.

"मामा, झोपलात का?"

"छे गं. कावळे हाकतोय."

"मग ऐका. टाकळीची जुनी शाळा नेमकी कुठं होती, जागेवर उभं राहून दाखवता येईल?"

रेवती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेजात पुरातत्त्व शिकवते आणि वर्षातले काही महिने मातीत बसलेली असते. टाकळी म्हणजे आमचं हिंगणटाकळी, माजलगावच्या धरणात गेलेलं गाव. धरण भरलं तेव्हा मी इकडे घाटनांदूरच्या स्टेशनात तिकिटं देत होतो. गाव उठलं, लोकांनी दारं, तुळया, चिरे गाड्यांत घालून वर नव्या टाकळीला नेले, आणि मी मात्र त्या दिवसांत एकदाही तिकडे फिरकू शकलो नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात गाव अजून उभंच आहे.

यंदा उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं आणि गावाची पांढर उघडी पडली. पांढर म्हणजे ज्या उंचवट्यावर गाव वसतं ती राखाडी मातीची जागा. एका गावावर दुसरं गाव, त्यावर तिसरं, असं शेकडो वर्षं साचत साचत ती उंच झालेली असते. रेवतीची मंडळी तिथं मोजणी करून नकाशा तयार करत होती, दोन खड्डेही घेऊन झाले होते.

"दोन्ही वाया गेले मामा. जिथं खणावं तिथं पेव लागतंय." पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेला रांजणासारखा खोल खड्डा, माणूस आत उतरेल एवढा. आमच्याकडे घरोघरी असायचा. "पेव खणताना लोकांनी खालचे सगळे जुने थर उपसून टाकलेत. वरून पाणी सुटणार म्हणतात, त्याआधी आणखी एकच खड्डा होईल. गावात कुणी कधीच न खणलेली जागा कुठली, तर शाळेचं पटांगण. पण नव्या टाकळीत ज्याला विचारावं त्याला शाळा आपल्या घराशेजारीच आठवते."

"माझं घर शाळेपासून लांब होतं," मी म्हणालो.

"म्हणून तर तुम्हाला फोन केला!"

हा खड्डाही पेवात गेला तर टाकळीच्या खाली काय आहे ते पुन्हा पाण्यात जाणार, आणि दरवर्षी लाटा पांढरीची कड खात चालल्यात. पुढच्या खेपेला काय उरेल सांगता येत नाही. हे तिनं सांगितलं खरं, पण मी 'पटांगण' या शब्दापाशीच अडकलो होतो. कुरडया कावळ्यांच्या हवाली करून मी पिशवी भरायला घेतली.

जाताना

माझ्यासारखं कुणाला जायचं असेल तर रस्ता सांगून ठेवतो. घाटनांदूरहून अंबाजोगाई, तिथून केज, धारूर, तेलगाव करत माजलगाव. पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून मला एसटी फुकट आहे. कंडक्टर शून्याचं तिकीट देतो आणि मी ते जपून खिशात ठेवतो. सगळी नोकरी दुसऱ्यांना तिकिटं देण्यात गेली, त्यामुळे आपल्या हातात तिकीट असलं की मला अजून पाहुण्यासारखं वाटतं.

खिडकी डाव्या बाजूची घ्या. धारूरच्या घाटात बस वळणं घेत खाली उतरते तेव्हा डोंगर उन्हाळ्यात अगदी बोडका दिसतो, सीताफळीच्या काटक्या तेवढ्या उभ्या. मधेच एखादा गुलमोहर असा फुललेला की आपण नकळत मान वळवून त्याला निरोप देतो. या घाटात मला शाळेतल्या कविता हमखास आठवतात. मोठ्यानं म्हणायची सोय नसते, म्हणून ओठातल्या ओठात म्हणतो. शेजारच्या बाईंनी मला जप करणारा समजून पाय आखडून घेतले.

तेलगावला उतरून गरम भजी खाल्ली, सोबत तळलेली हिरवी मिरची. पोट बिघडेल ही भीती होती, बिघडलं नाही. माजलगावच्या स्टँडवर सत्तारभाई जीप घेऊन उभे होते. त्यांचं गावात गॅरेज आहे. रेवतीच्या मंडळींची ने-आण, पाण्याचे जार, बिघडलेला पंप, सगळं त्यांच्याकडे.

"आप रेवती मॅडम के मामू? मग आमचेबी मामूच. पुढं बसा. मागं नक्को, मागं कलिंगडं हाईत."

माजलगावात राहायला लॉज आहेत, साधे पण स्वच्छ. धरणातला मासा खाणाऱ्यांची तर चंगळच. पण माझी सोय नव्या टाकळीच्या शाळेत होती. सुट्टीमुळे शाळा रिकामी, तिच्या वर्गांतच सगळा मुक्काम. माझी गादी पहिलीच्या वर्गात, भिंतीवर रंगवलेल्या अ-आ-ईखाली. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पातळ वरण. जेवण इथल्याच बाया करतात. आधी सांगून ठेवलं तर पाहुण्याचीही भाकर पडते.

पहिली दुपार

नव्या टाकळीतून जीप उसाच्या मधून निघाली आणि एका जागी ऊस संपून एकदम उजाड झालं. धरणाचा उघडा तळ. भेगाळलेला गाळ लांबवर पसरलेला, आणि त्यात गाळपेरीची कलिंगडं, चाऱ्याचे हिरवे तुकडे. पाणी हटलं की लोक त्या ओल्या गाळात पेरतात. तळहातावर मेंदी काढल्यासारखी ती हिरवळ दिसत होती.

"ती बघा मामा," रेवती म्हणाली.

समोर पांढर होती. बैलाच्या वशिंडाएवढी, असं म्हणणार होतो, पण इतकी लहान नव्हती. लहान झाली होती एवढं खरं. भिंत नाही, झाड नाही, मारुतीचा पार नाही. सगळ्यावर गाळाचा एकसारखा पापुद्रा. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, ऊन कुठंच नव्हतं. उंचवट्याला लागूनच पाणी चमकत होतं. मी चपला काढल्या आणि पाण्याकडे तोंड करून हात जोडले. लहानपणी याच पाण्यात पाय सोडून बसायचो.

रेवतीला खाली कडेच्या मोजणीकडे जायचं होतं. तिनं मला कपिलच्या ताब्यात दिलं. कपिल नांदेडकडचा, दाढीवाला, तिच्या हाताखाली पीएचडी करतो. तिपाईवर ठेवलेलं एक पिवळं यंत्र तो चालवतो, त्याला टोटल स्टेशन म्हणतात. स्टेशन म्हटल्यावर मी जरा सरसावून बसलो, पण तिथं गाडीबिडी काही येत नाही. यंत्रातून किरण जातो, लांब उभ्या माणसाच्या काठीवरच्या भिंगावर आपटून परत येतो, आणि ती जागा किती लांब, किती उंच, कुठल्या दिशेला, ते यंत्राला कळतं. असे ठिपके घेत घेत अख्ख्या टेकाडाचा नकाशा होतो. त्यावरच्या उंचीच्या रेषा मी आधी छापलेल्या एका कागदावर पाहिल्या. अंगठ्याच्या ठशासारख्या.

काठी माझ्या हातात आली. काठीला एक छोटी गोल काच, तिच्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की काठी सरळ.

"आजोबा, बुडबुडा!" कपिल लांबून ओरडला.

"आणला मधे!"

"आता हलू नका!"

न हलणं मला चांगलं जमतं. वेशीच्या जागी उभा राहिलो आणि मला वेशीवरचं लिंबाचं झाड आठवलं, त्याखाली बसणारा आमचा कल्हईवाला आठवला, त्याच्या भात्याचा आवाज...

"आजोबा, झालं! कवाच झालं! पुढं चला!"

असं करत मी पाण्याकडे पाठ करून गावात शिरलो. ही वेस. हा मारुती. इथून डाव्या हाताला वळलं की उतरता बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी शाळा. एक लांब खोली, पुढं पटांगण. पावलं आपोआप पडत होती. प्रत्येक जागी काठी टेकवत गेलो, कपिल ठिपके घेत गेला. पटांगणाच्या मधोमध येऊन मी काठी घट्ट रोवली.

गोदाबाई म्हणून एक बाई बायांची टोळी घेऊन खुरप्यानं गाळ खरवडायचं काम करतात. पन्नाशीच्या आतबाहेर, बोलायला तिखट. त्या उभ्या राहून बघत होत्या.

"म्हंजी हितं व्हती का शाळा?"

"इथंच. तुम्ही नव्हता का या शाळेत?"

"मी? माझं लगीनच नव्या टाकळीत झालं. जुनं गाव मी पाण्याखालीच बघिटलं." मग बाकीच्या बायांकडे वळून, "मामांचं ध्यान बगा कसं लागलंय. जणू गुर्जी आता पट घ्येनारेत."

कपिलनं चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, दोरा ताणला. सकाळी इथंच खणायचं ठरलं. परतताना जीपमध्ये रेवतीनं माझा हात दाबला. "मामा, खात्री?"

"अगं, डोळे झाकून."

दुसरी सकाळ

उन्हाळ्यात या लोकांचं काम उजाडताच सुरू होतं. मी त्यांच्यासोबतच निघालो. ती सगळी यंत्रं लावण्यात गुंतली तेव्हा मी एकटाच दोऱ्याच्या चौकटीपाशी गेलो. आभाळ निवळलं होतं. मनात एक इच्छा होती आणि ती माणसं जमायच्या आत पुरी करायची होती.

आमची उन्हाळ्यात सकाळची शाळा असायची. पहिला तास कवितेचा. गुरुजी खडूची पेटी टेबलावर ठेका धरून वाजवायचे आणि आम्ही सगळे चालीवर कविता म्हणायचो. सुरुवातीला आम्ही कवितेत असायचो, मग नुसत्याच चालीत, मग त्याहून पुढं कुठंतरी. अर्थ नंतर कळला, काही कवितांचा अजून कळायचाय. कुठली कविता ते मुद्दाम सांगत नाही. वाचताना तुमच्या पुस्तकातली तुम्ही म्हणा.

तर मी जिथं माझी बसकण असायची असं मला वाटलं तिथं मांडी घातली. तिसरी रांग, भिंतीला लागून, खिडकीखाली. पाण्याकडे पाठ, कारण आमच्या वर्गाची नदीकडे पाठ असायची. डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. आवाज पहिल्यांदा फाटला. दुसऱ्या कडव्यापर्यंत बरा झाला.

आणि माझ्या उजव्या गालावर ऊन आलं.

मी थांबलो. काहीतरी चुकलं होतं. कविता नव्हती चुकली, ती मला झोपेतही येते. पण कवितेच्या तासाला ऊन नेहमी डाव्या गालावर यायचं. खिडकी डावीकडे होती. चार वर्षं मी त्या उन्हात डावा डोळा बारीक करून कविता म्हटली आहे. गुरुजी म्हणायचेसुद्धा, "हा एक डोळा मारून कविता म्हणतो." वर्ग हसायचा.

मी डोळे उघडले. सूर्य उजवीकडून वर येत होता. सूर्य काही चुकायचा नाही. मग मीच.

मी उठलो आणि इतक्या घाईनं निघालो की दोऱ्यात पाय अडकून पडता पडता वाचलो. गोदाबाई टोपली घेऊन येत होत्या.

"गोदाबाई, ते पाणी कशाचं?"

"कंचं? त्ये व्हय? खाणीचं. धरणाच्या भिंतीला मुरूम काढलाय तितनं. लई खोल हाय, पोरं बी जात न्हाईत."

"आणि नदी?"

"नदी तिकडं. त्या बाभळीच्या पल्याड." त्यांनी अगदी उलट्या दिशेला हात केला.

"अहो, मग काल बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कवा? तुमी तर चपला काढून खाणीला हात जोडून उभे. म्या म्हटलं, आसंल काई मोठ्या मानसांचं. कावून मधी बोलू?"

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मलाही हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. मी अख्खं गाव उलटं फिरवलं होतं. आम्ही टाकळीत कायम नदीकडून शिरायचो. माजलगावचा रस्ता नदीपलीकडे, बाजार पलीकडे, पाहुणा यायचा तोही नदी ओलांडून. गावाच्या मागच्या अंगाला मसणवटा, तिकडे पोरांना जायची बंदीच. आता जीप येते ती त्याच मागच्या अंगानं. त्या बाजूनं मी आपलं गाव आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं. पाणी दिसलं, ती नदी धरली, आणि डावीकडचं सगळं उजवीकडे गेलं.

रेवतीकडे पोचेपर्यंत मला धाप लागली. ती यंत्रापाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती.

"खणू नका. शाळा तिथं नाही."

मला वाटलं ती वैतागेल. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मी तुमचीच वाट बघत होते. आत्ता तुमचे ठिपके नकाशावर टाकले तर वेस नदीच्या उलट बाजूला आली. गावाची वेस अशी पाण्याकडे पाठ करून कशी असेल, हे मला खटकलं. पण म्हटलं, चार वर्षं तिथं बसलेला माणूस आहे, आधी विचारू. तुम्हाला कसं कळलं?"

मी तिला गाल दाखवला.

ती हसत सुटली. मग एकदम गंभीर झाली. "मामा, आता मात्र नीट. परत एकदा, सुरुवातीपासून. या वेळी नदीकडून."

तेवढ्यात कालच्या चौकटीकडून हाक आली. बायांपैकी एकीनं वरचा गाळ खरवडला होता आणि खाली गोल, काळपट कड दिसत होती, दुरडीच्या तोंडासारखी. पेव. आम्ही तिथं खणलं असतं तर सरळ पाटलांच्या आळीतल्या ज्वारीत उतरलो असतो.

नदीकडून

सत्तारभाईंनी जीप लांबून वळवून बाभळींपाशी नेली. "मामू, हितून चालत. पुढं गारा हाय, जीप फसंल."

बाभळीच्या पलीकडे सिंदफणा होती. उन्हाळ्यातली, रोडावलेली, वाळूतून वाट काढत जाणारी. काल खाणीपुढं हात जोडले होते, आज खऱ्या नदीपुढं मी खरं तर ओशाळलो. पण तिनं काही मनावर घेतलं असं वाटलं नाही.

तिच्याकडे पाठ केली आणि चढायला लागलो. आता चढ बरोबर होता! काल पायाला काहीतरी खुपत होतं ते हेच, वेशीपाशी दम लागायला हवा होता तो लागला नव्हता. आज लागला. वेस. मारुती. डाव्या हाताला वळून उतरता बोळ. कपिल काही न ओरडता ठिपके घेत होता. मीही या वेळी कुठं रेंगाळलो नाही. कल्हईवाल्याला म्हटलं, बाबा, नंतर.

"इथं पटांगण," मी म्हणालो. "पण आता माझ्यावर विश्वास ठेवू नका. पटांगणाच्या मधे झेंड्याचा चौथरा होता. गोल, चुन्याचा. तो सापडला तरच खुंट्या ठोका."

गोदाबाई आणि त्यांच्या बाया ओळीनं बसल्या. खुरपी चालू झाली. मी छत्रीखाली बसून बघत होतो. बायकांचं बोलणं चालू होतं, कुणाच्या जावयाला मोटारसायकल हवीय, कुणाची म्हैस आटलीय. खरवड खरवड. ऊन वर चढलं. कपिलनं मला पाणी आणून दिलं, मी ते तसंच हातात धरून बसलो. रेवती दुसरीकडे बघितल्यासारखं करत इकडेच बघत होती.

"मामा," गोदाबाई म्हणाल्या, "ह्ये काय हाड हाय का बगा बरं."

त्यांच्या तळहातावर करड्या रंगाचा बारीक तुकडा होता, करंगळीच्या पेराएवढा. मी तो घेतला, बोटांत फिरवला.

"पाटीवरची पेन्सिल."

"अगं बया. आन मी टाकून देनार व्हते."

"आम्ही ही खायचो," मी म्हणालो. बाया पुन्हा हसल्या. एकजण म्हणाली, मी तर परवापर्यंत खात होते.

त्यानंतर थोड्याच वेळात खुरपं कशावर तरी खरकन वाजलं. गाळ बाजूला केला तसा पांढरा चुना दिसू लागला, गोल कड, आणि मधे बांबूच्या जाडीचं भोक. त्यात गाळ भरलेला होता. रेवतीनं कुंचल्यानं तो हळूहळू झाडून काढला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, काठी तुम्ही धरा."

मी भिंगाची काठी त्या भोकाच्या मधोमध टेकवली. बुडबुडा एकदम मधे आला. लांबून कपिल ओरडला, "घेतला!" आणि मला वाटलं, आता झेंड्याला सलामी द्यावी. दिली. सत्तारभाईंनीही दिली.

नंतरचे दिवस

चौथऱ्याच्या शेजारी खड्डा घेतला. वरचा गाळ, मग आमच्या पायांनी तुडवलेली पटांगणाची कडक माती, आणि खाली रेवतीला हवं ते होतं. न हललेले थर, भिंतीवरच्या रंगाच्या जुन्या हातांसारखे, एकाखाली एक. कुणी पेव खणलं नव्हतं, पाया घातला नव्हता. पोरांनी नुसती लंगडी खेळली होती त्यावर.

सापडलं काय, म्हणाल तर सोनंनाणं नाही. चोपून केलेली एक जमीन, तिच्यात चूल. चुलीभोवती काळ्या-तांबड्या भांड्यांची खापरं आणि शंखाच्या बांगडीचा एक तुकडा. रेवती म्हणते, दोन हजार वर्षांच्या आसपासचं घर असावं, नक्की तपासणीनंतर. चूल उघडी झाली तेव्हा गोदाबाई तिच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "ही बाई डावखुरी व्हती. फुकणी ठिवायची जागा बगा की कंच्या अंगाला." रेवती म्हणाली, असं लगेच म्हणता येत नाही. गोदाबाई म्हणाल्या, तुमाला म्हनता येत न्हाई, आमाला येतं. दोघींचं ते दिवसभर चालू होतं.

कुणाला बघायला जायचं असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खोदकामाच्या जागी परवानगीशिवाय उतरू नये, आणि खापराचा तुकडासुद्धा उचलून खिशात टाकू नये. जागेवरून हलला की तो मुका होतो. डोक्याला जाड पंचा, प्यायला भरपूर पाणी, पायात बूट. चपला नकोत, खाणीपुढं काढायचा मोह होतो.

वरून पाणी सुटल्याचा निरोप आला तेव्हा काम उरकलं होतं. खड्ड्याच्या बाजू मोजून, चित्रं काढून झाली होती. रेवतीनं तळाशी प्लास्टिक अंथरून माती परत भरायला लावली. पुन्हा कधी पाणी हटलं तर उघडता यावं म्हणून. मला आधी वाईट वाटेल असं वाटलं होतं. गाव परत बुडणार. पण शेवटच्या संध्याकाळी मी बाभळींपाशी बसून सिंदफणेचं पाणी वाळूवरून चढताना पाहिलं आणि मला आमच्या सुट्टीच्या घंटेसारखं वाटलं. झालं, आता घरी जा.

घरी

परतताना सत्तारभाईंनी मला परळीपर्यंत सोडलं, मागच्या सीटवर एक कलिंगड बळंच ठेवून. परळीहून घाटनांदूर रेल्वेनं. माझ्या जुन्या खिडकीत आता नवा माणूस बसतो. त्याला सांगितलं, मी कुठून आलो ते. तो म्हणाला, धरणात शाळा होती? मी म्हणालो, आहे.

महिन्याभरानं रेवतीनं नकाशाची मोठी प्रत पाठवली. अंगठ्याच्या ठशासारख्या त्या रेषा, नदी, खाण, वेस, मारुती, पेवांची बारीक वर्तुळं. एका ठिकाणी चौकट, आत खड्ड्याचा क्रमांक, आणि त्याखाली बारीक अक्षरांत: शाळेचं पटांगण. चौथऱ्याच्या जागी एक ठिपका. तो मी धरलेल्या काठीचा ठिपका आहे, हे मला आणि कपिललाच माहीत.

नकाशा मी समोरच्या खोलीत लावला आहे. येणारा प्रत्येक जण सांगतो की आबा, उलटा लागलाय, उत्तरेचा बाण खाली गेलाय. सूनबाईनं दोनदा सरळ करून पाहिला. रेवती आली तेव्हा तीही बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिली. मग तिनं चष्मा काढला, माझ्या शेजारी येऊन बसली, आणि खिळ्याला हात लावला नाही.

नदी खाली आहे, वेस तिच्या वर, आणि शाळा डाव्या हाताला. सकाळी खिडकीतून ऊन येतं ते नकाशाच्या डाव्या अंगाला पडतं. तेवढ्या वेळात माझी एक कविता म्हणून होते.